हेलिकॉप्टर क्रूचे कान: हेल्मेट घातलं म्हणजे झालं का?

रोटरवाला_रत्नागिरी

नमस्कार मंडळी,

मी आर्मी एव्हिएशनमधून रिटायर होऊन आता गावी असतो. चेतक, चीता आणि शेवटी शेवटी ध्रुव असं फ्लाइंग झालं. नाशिक रोडच्या कॅट्समधून, म्हणजे आर्मीच्या हेलिकॉप्टर ट्रेनिंग स्कूलमधून, नवीन बॅच विंग्ज लावून बाहेर पडतात, त्यात आपली मराठी पोरं असतात, २०२२ पासून मुलीही आहेत, आणि ज्यांच्याशी बोलणं होतं त्यांना मी एक प्रश्न विचारतोच की बाबा कानाचं काय करतोस. उत्तर ठरलेलं असतं, "सर हेल्मेट असतं ना". म्हणून हा धागा.

आधी आवाज येतो कुठून ते बघू. मेन रोटरचा धपधप आवाज लो फ्रिक्वेन्सीचा, तो छातीत जाणवतो. डोक्यावर गिअरबॉक्स बसलेला असतो तो किंचाळतो, टर्बाइनची शिट्टी वेगळी, आणि दार उघडं ठेवून उडताय तर वाऱ्याचा मारा वरून. सगळं मिळून हेलिकॉप्टरच्या केबिनमधे १०० डेसिबलच्या आसपास आवाज ही रोजची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. आपल्या कारखान्यांच्या नियमांत ९० ला ८ तास धरलेत, ते याहून ढिले आहेत.

आता समजा केबिनमधे १०० आहे आणि हेल्मेट २० कापतंय, कानाशी राहिले ८०, काही प्रॉब्लेम नाही. पण गॉगलची जाड दांडी इअरकपच्या, म्हणजे हेल्मेटमधल्या कान झाकणाऱ्या वाटीच्या खाली गेली, तिच्या कडेच्या सीलला फट पडली, सीलही जुनं होऊन कडक झालेलं, असे मिळून १० डेसिबल गेले तर कानाशी ९० येतात आणि ९० ला त्याच हिशोबाने अडीच तास मिळतात. वर ग्लेशियरच्या पोस्टना सामान पोचवायच्या सॉर्टी, म्हणजे फेऱ्या, एकामागून एक चालू असल्या की अडीच तास सकाळीच संपतात.

आणि माझा मुख्य मुद्दा अजून पुढेच आहे. बाहेरचा आवाज आत शिरला की आपण काय करतो, इंटरकॉमचा व्हॉल्यूम वाढवतो, कारण बोलणं कळायचं तर ते गोंगाटाच्या वर असलं पाहिजे. म्हणजे कानाला मशीनचा आवाज मिळतोच, वर रेडिओचा त्याहून मोठा, तोही थेट इअरकपच्या आत. पोरं मशीनचा आवाज मोजतात, रेडिओचा कुणी धरतच नाही. माझं ठाम मत आहे की प्रत्येक पायलटने आपला व्हॉल्यूम नॉब कुठे असतो ते लक्षात ठेवावं. हेल्मेट नीट बसलंय तर नॉब आपोआप खाली येतो. सहा महिन्यांपूर्वी जिथे होता त्याच्या बराच वर गेला असेल तर एक तर हेल्मेट गळतंय नाहीतर कान गेलाय, आणि दोन्ही तपासून घ्यायच्या गोष्टी आहेत.

इथे एअरफोर्स, नेव्ही, ग्राउंड क्रू, डॉक्टर सगळे असतील, लिहा प्लीज.

श्रुती_ऑडिओ

फार महत्त्वाचा धागा काढलात सर. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, मुंबईत प्रॅक्टिस करते, माझ्याकडे फौजेतून रिटायर झालेले बरेच जण येतात.

कानाच्या आत शंखासारख्या भागात सूक्ष्म केसपेशी असतात, एका कानात आतल्या रांगेत साधारण साडेतीन हजार आणि बाहेरच्या रांगांत बारा हजार. बस एवढ्याच. माणसात त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने आधी बाहेरच्या रांगा जातात, आणि ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, पहिला खड्डा दिसतो तो ३००० ते ६००० हर्ट्झमधे, बहुतेक वेळा ४००० पाशी. गंमत म्हणजे माणसाला तेव्हा काहीच कळत नाही कारण बोलण्यातले स्वर खालच्या फ्रिक्वेन्सीत असतात, ते नीट ऐकू येतात. जातात ती स, श, फ, थ सारखी व्यंजनं. म्हणून पेशंट म्हणतो "मला ऐकू येतं हो, लोकच पुटपुटतात". लग्नाच्या हॉलमधे चार जण बोलायला लागले की "सात" की "हात" ते कळेनासं होतं. रेडिओवर फिफ्टीन की फिफ्टी हे असंच.

अजून एक. २००९ मधे बॉस्टनला शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर काम केलं, त्यात मोठ्या आवाजानंतर काही दिवसांनी ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली पण केसपेशी आणि नस यांच्यातली कितीतरी जोडणी कायमची तुटलेली निघाली. माणसात हे किती प्रमाणात होतं यावर काम चालू आहे, पण "संध्याकाळी कान बसले होते, सकाळी मोकळे झाले, म्हणजे काही झालं नाही" हे वाक्य मी तरी आता कुणाला म्हणू देत नाही.

ओझरचा_फिटर

सर तुम्ही पायलटचं लिहिलं पण ग्राउंड क्रूचं पण लिहा ना. पायलट निदान केबिनमधे असतो, आम्ही इंजिन रन-अपला बाहेर उभे असतो, जेट असेल तर आवाज हाडात शिरतो. कानावर बसणारे मफ मिळतात, कानात घालायचे प्लग पण मिळतात, पण प्लग लावायचा कसा हे शिकवायला कुणी येत नाही, बरेच जण नुसता टोकाला खोचतात, दोन मिनिटांत बाहेर. हाताला तेल असतं ते वेगळंच. आणि एक शंका, प्लगवर किती डेसिबल कापतो ते ३३ लिहिलेलं असतं आणि मफवर २५, दोन्ही घातलं तर ५८ कमी होणार का?

श्रुती_ऑडिओ

@ओझरचा_फिटर, नाही हो, बेरीज होत नाही. दोन्हीतलं जे मोठं असेल त्यात साधारण ५ मिळवायचे, ३३ चे ३८ धरा. आणि एका मर्यादेनंतर कान कितीही झाका, आवाज कवटीच्या हाडातून आत पोचतोच.

पाकिटावरचा ३३ पण लॅबमधला असतो, तिथे माणूस शांत बसलेला आणि प्लग तज्ज्ञाने लावलेला असतो. प्रत्यक्षासाठी अमेरिकेत एक हिशोब वापरतात: ३३ मधून ७ वजा, उरलेल्याचे निम्मे, म्हणजे १३. हा फरक बहुतेक लावण्याच्या पद्धतीचा आहे.

पद्धत लिहिते, प्लीज शॉपमधे चिकटवा. हात धुवून घ्यायचे. फोमचा प्लग बोटांत वळून वळून एकदम बारीक, सुरकुती न पाडता करायचा. विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, त्याने कानाची नळी सरळ होते. प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा, अर्धा मिनिट तरी. मग समोरून आरशात बघा, प्लगचा मोठा भाग बाहेर डोकावत असेल तर तो बसलेला नाही, काढून परत लावा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा, जड वाटला तर बरोबर बसलाय.

दाबोळी_डेक

ग्राउंड क्रूच्या मुद्द्याला +१. मी नेव्हीत होतो, गोव्याच्या हंसा या नेव्हीच्या विमानतळावर आणि जहाजावर. कॅरिअरच्या डेकवर मिग-२९के आफ्टरबर्नर लावून स्की-जंपवरून जातं तेव्हा जवळपास उभ्या असलेल्या माणसाला १४० च्या आसपासचा आवाज पोचतो. तिथे प्लग आणि वर मफवालं क्रेनिअल हेल्मेट असं दोन्ही लागतंच, त्यात चर्चा नाही. पण डेकवरचा माणूस ड्युटी संपवून खाली मेसमधे गेला तरी त्याला शांतता मिळत नाही, जहाजावर मशिनरी आणि ब्लोअर रात्रंदिवस चालू. किनाऱ्यावरचा माणूस घरी जाऊन कानाला विश्रांती देतो, जहाजावर ती कुठून आणायची. मला वाटतं यावर सगळ्यात कमी बोललं जातं. झोपायची जागा शांत करणं हे पण कान वाचवण्याचंच काम आहे.

एमआय१७_जुना

विषय चांगला आहे पण माझा थोडा विरोध नोंदवतो. मी फ्लाइट इंजिनिअर. आम्ही मशीन कानाने ओळखतो. गिअरबॉक्सचा सूर जरा बदलला, बेअरिंग कुरकुरलं, की गेज हलायच्या आधी आम्हाला कळतं, असं अनेकदा झालंय. हेल्मेटच्या आत अजून प्लग घातले तर तो सूरच जाईल. शिवाय इंटरकॉमवर कॅप्टन काय म्हणतोय तेही नीट नाही आलं तर? एकदा प्लग घालून बघितले, सगळं लांबून आल्यासारखं वाटलं, काढून टाकले. नवीन पोरांना सरसकट डबल प्रोटेक्शन सांगण्याआधी याचा विचार व्हावा.

रोटरवाला_रत्नागिरी

@एमआय१७_जुना सर, मुद्दा खरा आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही, मशीनचा सूर ओळखणारा फ्लाइट इंजिनिअर बरोबर असला की पायलटला केवढा धीर असतो ते मला माहीत आहे.

पण बघा, प्लग फक्त बोलणं कापत नाही, गोंगाट पण कापतो. दोन्ही खाली येतात, त्यांच्यातला फरक तसाच राहतो. सूर बदलला तर तो बदल बारीक आवाजात पण कळतो, फक्त त्या नव्या पातळीची सवय व्हायला काही सॉर्टी लागतात. एका सॉर्टीत ठरवू नये असं मला वाटतं. आणि जो सूर ओळखायचा तो बराचसा वरच्या फ्रिक्वेन्सीत असतो, श्रुतीताईंनी सांगितलं तसं आधी जातं तेच. प्लग न घालता वीस वर्षं उडालात तर तो सूर ओळखणारा कानच राहत नाही.

श्रुती_ऑडिओ

दोघांच्या मधे थोडी भर घालते. खूप मोठ्या आवाजात कान स्वतःच ओव्हरलोड होतो, तेव्हा ज्यांचं ऐकणं नॉर्मल आहे त्यांना प्लग लावून बोलणं तेवढंच किंवा जास्त स्पष्ट कळतं. पण ज्यांचा कान आधीच गेलाय त्यांना मात्र साध्या प्लगने बोलणं खरंच कमी कळू शकतं, कारण वरची व्यंजनं आधीच कमी आणि फोमचा प्लग तीच जास्त कापतो. त्यामुळे एमआय१७ सर, तुम्हाला लांबून आल्यासारखं वाटलं याची दोन कारणं असू शकतात. रागावू नका पण एकदा ऑडिओग्राम करून घ्या. अशा लोकांसाठी कम्युनिकेशनवाला प्लग हा खरा उपाय आहे.

डॅलसकर

त्यावर मी लिहितो. अमेरिकन आर्मीची अलाबामात फोर्ट रकरला एरोमेडिकल लॅब आहे, तिथल्या कामातून सीईपी नावाचा प्लग आला. फोमच्या टोकाला बारीक स्पीकर, वायर हेल्मेटला जोडायची. म्हणजे गोंगाट अडवतो प्लग आणि बोलणं येतं प्लगच्या आतून थेट कानात. त्यामुळे व्हॉल्यूम एकदम कमी ठेवला तरी शब्द न शब्द कळतो, रोटरवाला सर म्हणतात तो नॉबचा प्रश्न मुळातूनच सुटतो. हवेचा दाब सारखा व्हायला त्यात बारीक भोक ठेवलेलं असतं. बॅटरी लागत नाही, वजन नाही, मला विचाराल तर हेलिकॉप्टर क्रूसाठी पैशाच्या मानाने याहून चांगली गोष्ट नाही.

दुसरा प्रकार एएनआर, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाच्या बरोब्बर उलटी लाट तयार करून तो मारायचा. अमर बोस, ज्यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक, यांना ही कल्पना १९७८ मधे झुरिकहून बॉस्टनला येताना विमानात सुचली. १९८६ मधे व्हॉयेजर विमानाने न थांबता, इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली, नऊ दिवस, तेव्हा पायलटांकडे बोस यांचे सुरुवातीचे हेडसेट होते. १९८९ ला बाजारात आले. एएनआर लो फ्रिक्वेन्सीत भारी चालतं, म्हणजे नेमकं जिथे इअरकप कमी पडतो तिथे. गिअरबॉक्सच्या किंचाळण्यावर त्याचा फार उपयोग नाही, तिथे सीलच हवं. आणि पॉवर गेली की उरतो तो साधा इअरकप, त्यामुळे एएनआर आहे म्हणून फाटकं सील चालवून घेऊ नका.

आणि एक धडा इकडचा. ३एम कंपनीचे कॉम्बॅट आर्म्स नावाचे दोन टोकांचे प्लग इथे सैनिकांना वर्षानुवर्षं दिले गेले. ते आखूड असल्यामुळे काहींच्या कानात नीट बसत नाहीत, न कळत ढिले होतात, आणि कंपनीला हे माहीत असून लपवलं असा आरोप झाला. २०१८ मधे ३एमने सरकारशी ९१ लाख डॉलरला मिटवलं, मग लाखो सैनिकांनी दावे केले आणि २०२३ मधे सुमारे ६ अब्ज डॉलरची तडजोड झाली. कंपनीने चूक मान्य केलेली नाही. पण मुद्दा हा की "स्टोअरमधून मिळालाय म्हणजे चालतो" असं समजू नये, आपल्या कानात बसतोय का ते प्रत्येकाचं तपासलं पाहिजे. माजी सैनिकांच्या सरकारी भरपाईच्या यादीत इथे कानात वाजणं सगळ्यात वर असतं, वर्षानुवर्षं.

निफाडची_आई

नमस्कार, मी कधी लिहीत नाही इथे, नुसती वाचते. माझा मुलगा हेलिकॉप्टरवर आहे, युनिट सांगत नाही. मागच्या सुट्टीत आला तेव्हा रात्री झोपताना फॅन लावूनच झोपायचा थंडीत सुद्धा, विचारलं तर म्हणाला आई कानात कुईं असं वाजतं, फॅन असला की कळत नाही. मी म्हटलं डॉक्टरला सांग तर एकदम चिडला, म्हणाला सांगितलं तर मेडिकल कॅटेगरी जाईल आणि जमिनीवर बसवतील, कुणालाच सांगायचं नाही. तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. मी काय करू? बोलले तर त्याचं करिअर आणि नाही बोलले तर त्याचे कान. दादा तुम्ही त्यातले आहात म्हणून विचारते.

रोटरवाला_रत्नागिरी

ताई, बरं झालं लिहिलंत. त्याची भीती मला शंभर टक्के कळते. आमच्याकडे शेप-१, म्हणजे पूर्ण फिट असल्याची मेडिकल कॅटेगरी, हेच सगळं आणि त्यातलं एक अक्षर ऐकण्याचं आहे. एअरफोर्समधे त्यालाच ए-वन जी-वन म्हणतात. फ्लाइंगला निवड होतानाच दोन्ही कानांनी वेगवेगळं ६ मीटरवरून कुजबूज ऐकू आली पाहिजे आणि ऑडिओग्रामवर २० डेसिबलपेक्षा जास्त घट चालत नाही, एवढं गाळून घेतलेलं असतं, त्यामुळे पोरांच्या मनात पक्कं बसतं की कान म्हणजे परीक्षा, पास किंवा नापास.

तरीही माझं उत्तर स्पष्ट आहे, त्याने सांगायला हवं. तुम्ही परस्पर कुणाला कळवू नका, त्याचा विश्वास जाईल, पण त्याला हे वाचायला द्या.

बेटा, कानात वाजणं म्हणजे लगेच ग्राउंड होणं नाही. आधी एव्हिएशन मेडिसिनवाल्या डॉक्टरला भेट, तो तुझ्याच बाजूचा असतो, तुला उडतं ठेवणं हेच त्याचं काम आहे. तो ऑडिओग्राम करेल. मळ असेल, सर्दीने कान बंद असतील, आदल्या दिवशीच्या सॉर्टीमुळे तात्पुरती घट असेल, काहीही असू शकतं. घट दिसली तर विश्रांतीनंतर परत टेस्ट होते. हेल्मेटची फिटिंग तपासतील, सील बदलतील. आज ४००० ला लहानसा खड्डा असेल तर तो इथेच थांबवता येतो आणि तू अजून कितीतरी वर्षं उडशील. लपवलंस तर पाच वर्षांनी तो खड्डा बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीत येईल आणि तेव्हा डॉक्टर, कॅटेगरी कशातच काही करण्यासारखं उरणार नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मधल्या काळात धुक्यात, दरीत, रेडिओवरचा एक शब्द चुकला तर मागे बसलेल्यांचं काय. शिवाय रेकॉर्डवर कधीच काही नसेल तर उद्या रिलीज मेडिकल बोर्डासमोर, म्हणजे नोकरी सोडतानाच्या वैद्यकीय तपासणीत, हे सर्व्हिसमुळे झालंय असं कशाच्या जोरावर सांगणार? माझ्या ओळखीचे लोक आहेत ज्यांनी आयुष्यभर लपवलं, शेवटी ना कान राहिले ना कागद.

ज्या युनिटमधे सीओ, म्हणजे युनिटचा प्रमुख, स्वतः प्लग घालून ब्रीफिंगहून मशीनकडे जातो तिथे पोरं बोलतात. जिथे सीनिअर म्हणतात "आम्ही नाही घातले कधी" तिथे लपवतात. सीनिअर लोक वाचत असाल तर हे तुमच्यासाठी आहे.

श्रुती_ऑडिओ

सरांशी सहमत. टेस्टच्या आधी निदान १४ तास मोठ्या आवाजापासून लांब राहायला सांगा, नाहीतर तात्पुरती घट कायमची म्हणून दिसते. आणि नोकरीच्या सुरुवातीचा ऑडिओग्राम जपून ठेवायला सांगा. नुसतं "नॉर्मल" असा शेरा पुरत नाही, सुरुवातीच्या तुलनेत २, ३ आणि ४ हजार हर्ट्झची सरासरी १० डेसिबलने घसरली तर ती दखल घेण्यासारखी घसरण धरतात, मग आकडा अजून "नॉर्मल" मधे बसत असला तरी. रात्री फॅन लावून झोपतो ते चांगलंच आहे, तसंच करतात, त्यावरून घाबरू नका.

कसबा_ताशा

थोडं अवांतर, पण सुट्टीवर आलेल्या पोरांसाठी. आमच्या पथकात दोन फौजी मित्र सुट्टी काढून वाजवायला येतात. कॉलेजवाले, म्हणजे सीओईपीची मुलं, दरवर्षी विसर्जनाला लक्ष्मी रोडवर आवाज मोजतात, शंभरच्या आसपास आकडे येतात, आणि ते रस्त्यावरचे, पथकाच्या आत उभ्या असलेल्या वादकाला जास्तच बसतो. कानाला काय फरक पडतो आवाज ड्युटीचा आहे की बाप्पाचा. आम्ही यंदापासून सगळ्यांना प्लग सक्तीचे केलेत, वादनात काही फरक पडत नाही, ताल उलट स्वच्छ कळतो. बुलेटवर हायवेला जाणाऱ्यांनी पण घाला, शंभरच्या स्पीडला हेल्मेटमधे वाऱ्याचा आवाज भयानक असतो.

सुखोई_फॅन_लोहगाव

फायटरवाल्यांना प्लग चालतात का? खाली झपकन उतरताना दाबाने कान फुटेल असं ऐकलंय.

डॅलसकर

@सुखोई_फॅन_लोहगाव, फोममधून हवा हळूहळू जाते, पूर्ण बंद करणारे सिलिकॉनचे प्लग असतील तर दाबाचा त्रास होऊ शकतो. म्हणून भोक ठेवलेले मिळतात. फायटरसाठी काय चालतं ते आपल्याकडे एअरफोर्सचे एरोस्पेस मेडिसिनवालेच ठरवतील, बंगळूरला त्यांची मोठी संस्था आहे. मनाने काही घालू नये. आणि सर्दी असताना उडू नये, हे प्लगपेक्षाही आधी.

एमआय१७_जुना

श्रुतीताई, रागावलो नाही. पुढच्या आठवड्यात ईसीएचएसमधे, माजी सैनिकांच्या दवाखान्यात, जातोय, ऑडिओग्राम सांगितलाय. रिपोर्ट इथे टाकला तर बघाल का?

निफाडची_आई

दादा, ताई, धागा मुलाला पाठवला. दोन दिवस काही बोलला नाही. आज फोन आला, म्हणाला आधी गॉगल बदलतो, बारीक दांडीचा घेतो, आणि सोमवारी डॉक्टरला भेटतो. मापाचे प्लग करून घ्यायचे म्हणतोय, ते कुठे आणि कसे करतात?

श्रुती_ऑडिओ

वा ताई, छान झालं. मापाचे प्लग कुठलाही चांगला ऑडिओलॉजिस्ट करून देतो, पण आधी त्याच्या डॉक्टरला विचारून, हेल्मेटखाली कुठला चालतो ते लिहून आणायला सांगा. कानातला मळ आधी काढून घ्यायचा, मग माप घेतात, आत कापसाचा छोटा बोळा ठेवून मऊ पेस्ट भरतात, पाच मिनिटांत होतं, दुखत नाही. माप घेताना तोंड उघड-मिट करायला सांगतात, ते टाळू देऊ नका, कारण बोलताना जबडा हलला की नळीचा आकार बदलतो आणि तिथूनच गळती होते. त्याला मायक्रोफोनवर बोलायचंय ना. वजन बरंच कमी-जास्त झालं किंवा प्लग सैल वाटला की नवीन माप. आणि @एमआय१७_जुना सर, रिपोर्ट इथे नको, व्यक्तिगत निरोपात पाठवा, दोन्ही कानांचा, आणि सर्व्हिसमधला जुना एखादा मिळाला तर तोही.